ठमी जेवत नाही

मांजराला खाऊ घालायचं, त्यात कठीण ते काय, असं मी ढोरांच्या दवाखान्यात चारचौघांसमोर म्हणून बसलो होतो. पळीभर दूध, जरा चुचकारणं, झालं काम!

आमच्या ठमीचा मागचा पाय कापसाच्या बैलबंडीखाली सापडला होता. डॉक्टर देवरावांनी जन्मभर बैलांचीच ऑपरेशनं केलेली. ठमीला टाके घालताना त्यांना घाम फुटला. पट्टी बांधून ते म्हणाले, "माझं काम झालं. आता उद्यापर्यंत इच्या पोटात काही गेलं पाह्यजे. नाही तर वाचणं कठीण आहे."

"ते माह्यावर सोडा," मी म्हणालो.

घरी सत्यभामेने, म्हणजे माझ्या बायकोने, ठमीला माझ्या हातातून घेतलं. आमची लेक नलू लग्न होऊन वणीला गेली, मी दिवसभर जिनिंग कारखान्यात कापूस तोलायच्या काट्यावर, त्यामुळे घरात सत्यभामेला बोलायला एकटी ठमीच होती. तिने टोपलीत जुनं लुगडं अंथरलं, ठमीला त्यात ठेवलं आणि देवीपुढे हात जोडले.

मी दूध ठेवलं. ठमीने तोंड फिरवलं. दुधात साखर घातली. पुन्हा तोंड फिरवलं. मग साय, मग तूप. तांड्यावरून दूध घालायला येणाऱ्या रुपीबाईने नुकत्याच व्यालेल्या म्हशीचा चीक आणून दिला, तोही नाही. आमच्या घरात कांद्यापलीकडे काही शिजत नसे, तरी मी नदीवरचे मासे आणून मागच्या अंगणात नाक दाबून उकडले. गावातली झाडून सारी मांजरं कुंपणावर पंगत मांडून बसली, पण ठमीने डोळेसुद्धा उघडले नाहीत.

आता मात्र मला भीती वाटू लागली. तिच्या पाठीचं हाडन् हाड हाताला लागत होतं. मी सारखा वाकून तिचं पोट हलतंय की नाही ते बघत होतो. दुसऱ्या दिवशी काट्यावर तर मी एका बंडीचं वजन बैलांसकट लिहिलं!

दुपारी घरी आलो तर सत्यभामा रांजणाजवळ भिंत धरून उभी. चेहरा पांढराफटक.

"काय झालं तुले?"

"काही नाही. जराशी चक्कर आली."

"चक्कर नाही येईन तं काय?" दूध घालायला आलेली रुपीबाई म्हणाली. "ठमी खाईन तवाच मी खाईन, असं देवीले बोलली हे. कालपासून नुसतं पाणी पिऊन राह्यली, भाऊ."

मी चाट पडलो. माझ्याच घरात बायको उपाशी आणि मला पत्ता नाही! पण पत्ता लागणार कसा? आमच्याकडे पुरुष आधी जेवतात आणि हात धुऊन ओसरीवर आडवे होतात. बाई कधी बसते, काय खाते, हे बघायची रीतच नव्हती.

"ठमी एरवी काय खाते?" मी विचारलं.

"माह्याच ताटातलं. मी बसली का ते जवळ येते. पयला घास माह्या तोंडात गेला का मंग तिचा."

म्हणजे ही तिच्यासाठी थांबलेली आणि ती हिच्यासाठी! अशाने दोघीही हातच्या जायच्या.

"मंग जेव ना आता."

"देवीले बोलली ना मी. शब्द मोडला आन् ठमीले काही झालं तं?"

शेवटी मीच देवीच्या तसबिरीपुढे हात जोडले. "माय, हिचा उपास आतापासून माह्यावर. ठमी खाईन तवाच मी खाईन. हिले मोकळी कर."

सत्यभामेने रुपीबाईकडे पाहिलं.

"नवऱ्यानं घेतला तं चालते," रुपीबाईने निकाल दिला.

टोपली ताटाशेजारी आली. सत्यभामेने वरणात भाकर कुस्करून पहिला घास घेतला. ठमीने डोळे उघडले. सत्यभामेने वरणाचं बोट पुढे केलं. ठमीने ते चाटलं, मग चाटून पुसून स्वच्छ केलं आणि आणखी मागत बारीकसं ओरडली. सत्यभामा रडत होती आणि जेवतही होती. डोळे मीही पुसले, खोटं कशाला सांगू.

त्या दोघी पोटभर जेवल्या. मग मी पाट ओढून बसलो. पातेल्याच्या तळाशी वाटीभर वरण होतं आणि दुरडीत चतकोर भाकर.

"इतकंच उरलं?"

"रोज इतकं कुठी उरते," ठमीला थोपटत सत्यभामा म्हणाली. "आज तुम्ही पयले नाही बसले, म्हणून."