वामनकाकांचा फार्स

वामनकाकांना कुठलीही बातमी सरळ सांगायची सोय नव्हती. धापा टाकत जाऊन तुम्ही "काका, तुमची म्हैस..." एवढं म्हणालात, की ते हात वर करून थांबवायचे. "आधी प्रकार सांगा! फार्स की शोकांतिका?" फार्स म्हटलं की मांडी घालून तंबाखूची डबी उघडत. शोकांतिका म्हटलं की टोपी काढून ठेवत. तोवर म्हैस शेजाऱ्याची केळीची रोपं फस्त करून मोकळी झालेली असे.

काका पानवेलीचे बागायतदार. पण होळी नावाच्या आमच्या गावाचे नाटककारही तेच. उत्सवातलं नाटक त्यांचं आणि पडदा ओढायचं काम माझं. "पंगतीला बसणाऱ्याला आधी कळायला हवं, लग्नाची की तेराव्याची," ते म्हणायचे. "लाडू दोन्हीकडे असतो. पण चेहरा वेगळा घेऊन यावं लागतं."

स्वातंत्र्य मिळून दोनतीन वर्षं झाली असतील. शाळेतल्या नव्या मास्तरांनी हट्टानं स्वतःचं नाटक लावलं. दोन अंक नुसता हास्यकल्लोळ आणि तिसऱ्यात नायक खोकून खोकून गेला. पाचूबंदरची मासेवाली जानूबाई पुढच्या रांगेतून उठलीच. "ओ मास्तर, मेला त मेला, पन आदी सांगाचा ना! आमी दात काढून बसलेलो!" मास्तर पांढरे पडले. काका मात्र दुसऱ्या दिवशी जानूबाईला विड्याची पानं देऊन आले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या बाजूनं बोललं होतं.

पुढे वत्सलाकाकू, म्हणजे काकांची बायको, गेल्या. त्या वर्षी काका नाटक लिहितायत म्हटल्यावर गावानं रुमाल धुऊन ठेवले. हातात पडला तो फार्स! विसराळू नवरा आणि खमकी बायको. बायकोची वाक्यं तर थेट काकूंची. मला रागच आला.

"काका, वर्ष तरी उलटू द्यायचं. लोक काय म्हणतील?"

"लोक हसले पाहिजेत रे," एवढंच ते म्हणाले.

प्रयोगाला ते विंगेत माझ्याशेजारी उभे राहिले. तंबाखूची डबी सारखी उघडत होते आणि चिमूट न घेताच मिटत होते. इतकी नाटकं झाली, पण त्यांना इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

शिंप्याचा दत्तू काकूंचंच लुगडं नेसून रंगमंचावर गेला आणि कमरेवर हात ठेवून कडाडला, "अहो, कान काय माळ्यावर ठेवलेत?" मांडव हास्यानं दणाणला. "वन्स मोअर!" दत्तू आत येऊन पुन्हा गेला. पुन्हा वन्स मोअर. पुन्हा तेच. माझा धीर सुटला. "काका, आता पुढचा प्रवेश घेऊ या ना!"

रंगमंचावरची नजर न काढता ते म्हणाले, "शोकांतिका लिहिली असती, तर लोकांनी तिला एकदाच पोचवलं असतं. फार्स आहे म्हणून परत बोलावतायत. येऊ दे तिला."

दत्तू घाम पुसत विंगेत शिरत होता. त्याला मी तसंच पुन्हा बाहेर ढकललं.