वर्ग बघायला गेले त्याची गोष्ट

शिक्षणशास्त्रात एम.ए. करायला बी.एड. लागत नाही, हे मी घरात इतक्यांदा सांगितलंय की आता भिंतींनाही पाठ झालं असेल! मी पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितशोधक आहे. चौदा वर्षं ऱ्हस्व-दीर्घ सुधारता सुधारता माझेच केस पिकले. संपादकाची खुर्ची हवी तर ही पदवी हवी, म्हणून प्रवेश घेतला. शिकवायचंय कोणाला?

"पोहता येत नाही आणि नदीवर प्रबंध!" सासूबाई म्हणाल्या.

"आई, मूल कसं शिकतं यावर अठ्ठावीस पानं लिहिलीत मी. एक वेलांटी चुकलेली दाखवा!"

आता एकच काम उरलं होतं. कुठल्याही शाळेत एक तास वर्गाचं निरीक्षण करायचं आणि अहवाल द्यायचा. मुदत परवा संपत होती. ती चुकली की वर्ष वाया. पण मागच्या बाकावर बसून वहीत खरडायचं, एवढंच ना? डाव्या हाताचा मळ!

घराजवळच्या शाळेत पोचले. मुख्याध्यापिका एका कानाला फोन लावून, काखेत हजेरीपट धरून, वादळातल्या छत्रीसारख्या उलट्यासुलट्या होत होत्या.

"नमस्कार. मी शिक्षणशास्त्राची... पाचवीचा वर्ग बघायला आलेय."

"आलात? अहो, अगदी देवासारख्या आलात! पाचवीच्या बाई तापाने फणफणल्यात. बघा, बघा वर्ग!"

"तसं नाही, मी नुसती बघणार—"

"तेवढं केलंत तरी उपकार होतील!"

आणि मला आत ढकलून त्यांनी दार लावलंसुद्धा!

समोर बेचाळीस मुलं. मी घसा खाकरला. मुलाच्या कुतूहलापासून सुरुवात करावी, असं माझ्या सातव्या पानावर आहे.

"मुलांनो, तुम्हाला आज काय शिकावंसं वाटतं?"

"काहीच नाही!" बेचाळीस आवाज एकदम.

याचं उत्तर अठ्ठावीस पानांत कुठेच नव्हतं.

मग गणिताचं पुस्तक उघडलं. अपूर्णांक! हा धडा तर मी स्वतः अकरा वेळा तपासलाय. फळ्यावर झोकात लिहिलं : एक तृतीयांश अधिक एक चतुर्थांश बरोबर दोन सप्तमांश.

"बाई, चुकलं," दोन वेण्यांवाली एक मुलगी म्हणाली.

"कुठे? शुद्धलेखन तर बरोबर आहे!"

वर्ग असा फुटला की खिडकीवरचं कबूतर उडालं. तृतीयांशातला 'ती' दीर्घ, एवढंच मी अकरा वेळा पाहिलं होतं! आकडे बघणं माझं काम नव्हतं.

"बाई, मी दाखवू?" वेण्यांवालीने विचारलं. मी खडू तिच्या हाती दिला आणि मुकाट्याने मागच्या बाकावर जाऊन बसले.

ती छेद समान करत होती, मुलं वाद घालत होती, मी भराभर वहीत उतरवत होते. सात छेद बारा! मला पहिल्यांदाच कळलं. एवढ्यात दार उघडलं आणि मुख्याध्यापिकांबरोबर तपासणी अधिकारी आत आले.

"शिक्षक कोण?"

मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे बोट केलं.

"बी.एड. कुठून केलंत?"

"केलंच नाही!" मी म्हणाले. मुख्याध्यापिका खडूपेक्षा पांढऱ्या पडल्या. मी घाईघाईने विद्यापीठाचं पत्र पुढे केलं. "मी निरीक्षक! म्हणजे, विद्यार्थिनी!"

अधिकाऱ्यांनी पत्र वाचलं, फळा पाहिला, बाकांवर उभं राहून हुज्जत घालणारी मुलं पाहिली. "मुलं मुलांना शिकवतायत. छान उपक्रम आहे, बाई!" ते मुख्याध्यापिकांना म्हणाले आणि तपासणीच्या वहीत सहीही करून गेले.

"हो ना, केव्हापासून मनात होतं," मुख्याध्यापिका म्हणाल्या. त्या बाई आहेत की कसलेल्या नटी, देव जाणे!

मी रातोरात नव्हे, त्याच दुपारी अहवाल लिहिला. घडलं तसं, फक्त दोन सप्तमांश आणि फळ्यापाशी उभी असलेली मी, एवढं गाळून. प्राध्यापकांनी आठवड्यात परत पाठवला. खाली लाल शाईत शेरा होता :

'निरीक्षण उत्कृष्ट. मुलं फार छान शिकली. मात्र पूर्ण तासभर वर्गात शिक्षक कुठेच दिसत नाहीत. ही गंभीर बाब आहे. संबंधितांच्या नजरेस आणून द्यावी.'

दिली हो आणून! रोज आरशात बघतेच की!