पास झालेली माती

ज्ञानदेव वाघोल्यांनी चाकणच्या कंपनीत तीस वर्षं क्वालिटीत काढली. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी चऱ्होलीतल्या आपल्या सोसायटीमागच्या पट्ट्यातली माती तपासली. ती माती नव्हतीच, बिल्डरने पुरलेला राडारोडा होता. सेक्रेटरी निरंजनला तिथे पार्किंगसाठी पेव्हिंग ब्लॉक बसवायचे होते.

"एक वर्ष द्या," ज्ञानदेव म्हणाले. "माती जिवंत करून दाखवली नाही, तर खुशाल ब्लॉक बसवा."

मग माणूस हात धुऊन मातीच्या मागे लागला. राडारोडा उपसला, गोठ्यातून शेणखत आणलं, निंबोळी पेंड, वाळका पाला, भाज्यांची सालं घातली. शेण-गुळाचं जीवामृत ढवळून आले की बायको, विजयश्री, नाकाला पदर लावून दार उघडायची.

"आधी बाथरूममध्ये जा. चुलीत गेली तुमची ती माती!"

बायकोने एकदा तरी बरं म्हणावं, एवढीच बिचाऱ्यांची इच्छा होती. पण ती त्या पट्ट्याकडे ढुंकून बघेल तर शपथ.

वर्ष सरलं. रविवारी सकाळी कमिटी पाहणीला आली. माती काळीभोर, भुसभुशीत झाली होती. फावडं मारलं की गांडुळं वळवळत वर यायची.

"दिसायला झकास आहे," निरंजन म्हणाला. "पण काका, दिसण्यावर काय जायचं?"

हे ज्ञानदेवांच्या वर्मी लागलं. "जाऊच नका! प्रत्येक फ्लॅटने सँपल न्या, तपासा आणि मग पास की फेल ते सांगा."

तिथेच घात झाला. सँपल केवढं न्यायचं, हे सांगायला तीस वर्षांचा क्वालिटीवाला विसरला.

पहिल्याने डब्याच्या झाकणात माती नेली. ते बघून दुसरा अख्खा डबा घेऊन आला, त्याला बघून तिसरा बादली. तळमजल्यावरच्या छबूबाईंनी तर तांदळाचं पोतंच आणलं.

"मावशी, याला सँपल म्हणतात?"

"व्हय की! चार कुंड्या हायत माझ्या. एकीला दिली आन् तिघींना न्हाई, तर तपासनी कशी व्हायची?"

"लाइनीत या, ढकलू नका," एवढंच ज्ञानदेव ओरडत राहिले.

संध्याकाळी कमिटी पुन्हा जमली. बादली भरून घरी नेलेला माणूस माती फेल कशी करणार? माती एकमताने पास झाली, ब्लॉक रद्द झाले, टाळ्या वाजल्या. पट्टा वाचला, पण त्यात आता गुडघाभर खड्डा तेवढा होता. ज्ञानदेवांना अगदी रडू यायचं बाकी राहिलं.

"हरकत नाही," ते स्वतःशी म्हणाले. "विरजणापुरती मिळाली तरी पुन्हा करतो."

घरी आले, तर गॅलरीत दोन बादल्या काठोकाठ भरलेल्या, गांडुळांसकट. विजयश्री कोपरापर्यंत हात घालून जास्वंद लावत होती.

"अगं, तूसुद्धा?"

"अख्खी सोसायटी नेतेय, मग घरच्यांनीच काय पाप केलंय?"

"बरं, निदान एक बादली दे. खाली विरजण लावतो."

विजयश्रीने दोन्ही बादल्या स्वतःकडे ओढल्या. "हात लावू नका हं! असली माती मला परत कुठे मिळणारे?"

ज्ञानदेवांनी फावडं खांद्यावर टाकलं, गोठेवाल्याला फोन लावला आणि शीळ घालत जिना उतरले.