अस्सल चुकांचं गिऱ्हाईक

आमच्या समोरच्या घरात राहायला आलेले इनामदार चाचा माणसाला आधी नाव विचारत नाहीत की गाव विचारत नाहीत. ते म्हणतात, "जरा 'स्टेशन' म्हणा बरं." समोरचा "इस्टेशन" म्हणाला की चाचांचा चेहरा खुलतो. "ठेसन" म्हणाला तर ते त्याचा हातच हातात घेतात. आणि कुणी स्वच्छ, धुतल्यासारखं "स्टेशन" म्हणालं, की "बरं बरं, जावा तुमी," म्हणून पाठ फिरवतात.

आता मला सांगा, हे काय सरळ माणसाचं लक्षण आहे?

धाराशिवात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर लोकांची आधार कार्डं, सातबारे, जातीचे दाखले माझ्या हातातनं जातात, त्यामुळं संशय घ्यायला मला धंद्यानंच शिकवलंय. नवरा म्हणतो, तू लग्नाआधीपासनं अशीच आहेस. त्याचं सोडा.

चाचा सरकारी नोकरीतनं रिटायर झालेले. पांढरी दाढी, कडक इस्त्रीचा शर्ट. सकाळी मी शटर वर केलं की हे दुकानापुढच्या बाकड्यावर हजर. येईल त्या गिऱ्हाइकाला गाठून एखादा इंग्रजी शब्द म्हणायला लावायचा, हाच उद्योग. आणि संशयाची गोष्ट ही, की त्यांना चूकच पाहिजे असायची. एकदा उमरग्याकडचा एक बियाणेवाला आला आणि म्हणाला, "काय करायचं, बस्सु लेट झाली." उमरगा म्हणजे कर्नाटकाला खेटून, तिकडं शब्दाच्या शेवटी उकार लागतोच. चाचा ताडकन उभे राहिले.

"अस्सल! अस्सल हाय! ब्यांकु म्हणता का वो? कारु? माशाल्ला! चला, घरी चला, चहा घ्या."

आणि तो गेला की हो त्यांच्यामागं! परत आला तो गालातल्या गालात हसत. मी विचारलं, "काय झालं आत?" तर म्हणे, "काय न्हाय. चहा पिलो, बोललो."

कुठल्या गावात कसं इंग्रजी बोलतात, याचा अख्खा नकाशा चाचांच्या डोक्यात होता. सोनारीकडचा म्हातारा "फारम" मागायला आला की ते बाकड्यावरनंच ओळखायचे. येडशीचं कुणी भेटलं की हळहळायचे, "रेल्वे हाय गावात, तरी ठेसनच म्हणतेत. लई ग्वाड." एवढी माहिती कुणी उगाच गोळा करतं होय? मी मनात एकेक धागा जुळवायला लागले. लोकांचे आवाज भरून घेऊन बँकेतनं पैसे काढतात म्हणे हल्ली. का साबणाचं चेन मार्केटिंग? त्यात आणखी एक भानगड. त्यांच्या दोरीवर बाईमाणसाचे कपडे वाळत असत, पण त्या घरातनं बाईचा आवाज मी एकदाही ऐकला नव्हता. विचारलं तर, "मॅडम आत हायत," एवढंच. स्वतःच्या बायकोला कुणी मॅडम म्हणतं का?

मला मात्र चहाला कधी बोलावलं नाही. एकदा मी मुद्दाम जाऊन "स्टेशन" म्हणून दाखवलं. बी.ए. आहे मी, इंग्रजी घेऊन. चाचांनी ऐकलं आणि मान हलवली. "ताई, तुमचं काय कामाचं न्हाय." असा राग आला म्हणता! दिवसभर झेरॉक्स तिरक्या काढल्या.

शेवटी एकदा माकणीची एक कॉलेजातली पोरगी "इस्पेलिंग बघा हां नावाचं" म्हणाली आणि चाचा तिला घेऊन निघाले. माझ्या दुकानात आलेली पोरगी! म्हटलं आता बास. तिचा फोटो राहिला असं निमित्त केलं आणि सरळ त्यांच्या घरात घुसले.

खुर्चीत एक बाई बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर लुळा पडलेला, ओठ एका बाजूला ओढलेला. समोर पोरगी बसून भीत भीत म्हणत होती, "इस्पेलिंग." बाईंच्या कपाळाला ही आठी! ओठ थरथरले. "स्स... स्स..." आणि चाचा गुडघ्यावर बसून त्या ओठांकडं असे बघत होते की मी फोटोचं विसरूनच गेले.

पोरगी गेल्यावर चाचांनी मला बसवलं.

"इंग्रजीच्या मास्तरीण होत्या ह्या. माकणी, सोनारी, येडशी, जिथं बदली झाली तिथं शिकवलं. लकवा मारला तवापासनं बोलतच न्हायत. डाक्टर बोलला, ह्यांना बोलावं वाटलं पायजे. म्या गाणी लावली, गप्पा मारल्या, भांडलो सुदीक. काय न्हाय. मग एक दिवस गॅसवाला आला आन् 'शिलिंडल' म्हणाला. तर हिच्या कपाळाला आठ्या! ओठ हलला! ताई, जिंदगी गेली हिची पोरांचं दुरुस्त करण्यात. चूक ऐकली की ऱ्हावतच न्हाय."

"मग तुम्हीच चुकीचं बोला की," मी म्हटलं.

"बोललो ना. वळखती. नाटक केलं की तोंड फिरवती. अस्सलच पायजे."

म्हणजे संशयात मॅडम माझ्याही वरचढ निघाल्या.

"पर आता अस्सल मिळंना झालंय," चाचा हळू आवाजात म्हणाले. "पोरं मोबाईल बघून बोलाय लागली. माकणीचं पोरगं बी 'वॉटर'ला अमेरिकेवानी 'वॉडर' म्हणतंय आन् पुण्याचं बी. म्हातारी माणसं तेवढी ऱ्हायली. चुका सपल्या तर ही बोलणार कशी, तुमीच सांगा."

त्या दिवसापासनं मी गिऱ्हाइकाचे कागद कमी आणि तोंड जास्त तपासायला लागले. कोण खरंच चुकतंय आणि कोण दमल्यामुळं, याचा मला चांगलाच संशय येतो. खेड्यातनं आलेला म्हातारा दिसला की मशीन बिघडलंय म्हणायची आणि समोर चहाला पाठवायची. तरी मॅडमची गाडी अर्ध्या अक्षराच्या पुढं सरकेना. पुढं तर आठवडाभर अस्सल चुकणारं कुणीच आलं नाही. चाचा बाकड्यावर नुसते बसून. "आज ओठ बी हलला न्हाय, ताई."

मला काही सुचेना. धपाटे केले होते, ते घेऊन मीच गेले. चाचा चहा टाकायला आत गेले. मी मॅडमच्या पुढं फरशीवर बसले आणि दुसरं काय बोलायचं म्हणून नवऱ्याचं गाऱ्हाणं सुरू केलं. "काय सांगू मॅडम, दुकानात लिमिनेशनचं नवं मशीन घ्यायचं म्हणते, तर हा माणूस—"

फाटकन माझ्या खांद्यावर त्यांचा डावा हात पडला.

"परत म्हण."

आवाज जड होता, घोगरा होता, पण अख्खा होता. मी इतकी दचकले की विचारता सोय नाही. "लिमिनेशन," मी म्हटलं.

"लॅ," मॅडम म्हणाल्या. "लॅ... परत म्हण."

देवाशपथ सांगते, माझं काय चुकतंय ते मला कळेना. इतकी वर्षं अख्ख्या गावाला मी तेच करून देत आले! मी परत म्हटलं, तर पुन्हा तसंच निघालं, कारण तोवर मला रडू फुटलं होतं.

चाचा आतल्या दारात उभे होते, पातेलं हातात तसंच. त्यांनी ते खाली ठेवलं, येऊन माझ्याशेजारी फरशीवर मांडी घातली आणि तोंड उघडलं. "लि... ल्यामि..." ह्याच्यापुढं त्यांची जीभ वळेचना. मॅडम त्यांच्याकडं रोखून बघत होत्या.

"मला बी येत न्हाय, मॅडम," चाचा म्हणाले. "शिकवा."