आजोबांच्या नावाचा अर्थ

"बाळाला तुमचंच नाव ठेवू की, बाबा. फक्त अर्थ तेवढा सांगा," सूनबाई म्हणाली, आणि जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेले आजोबा उगाचच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागले.

नाव होतंच मुलखावेगळं. इथे ते लिहीत नाही, नाहीतर तुम्हीही अर्थ विचारत बसाल. दुकानाच्या पाटीवर ते वाचून प्रत्येक गिऱ्हाईक तेच विचारायचं. डोळ्याला भिंग, चिमट्यात इवलासा स्क्रू, अशा वेळी मान वर कोण करणार? समोरच्याला आवडेल तो अर्थ आजोबा ठोकून द्यायचे. आपल्यामागे हे नाव चालू राहावं, ही मात्र त्यांची मनापासूनची इच्छा होती.

"शूरवीर," आजोबांनी सांगून टाकलं.

"शूरवीर?" बाळ बघायला आलेला शेजारच्या दुकानातला चष्मेवाला चमकला. "मला तर म्हणाला होतास, तीक्ष्ण नजरेचा!"

"छे हो! खमंग," समोरची बेकरीवाली म्हणाली.

आवाज ऐकून आजी बाहेर आली. "लग्नाआधी मला सांगितलं होतंत, एकीवरच जीव टाकणारा. त्यालाच तर भुलले मी!"

"मग तो खरा करून दाखवला ना?" आजोबा पुटपुटले.

"पण बाबा, उद्या पोराला शाळेत विचारलं तर त्यानं सांगायचं काय? खरा अर्थ कळल्याशिवाय मी नाही ठेवणार," सूनबाई म्हणाली. आजोबांचं तोंड एवढंसं झालं.

आजोबांचं हे नाव ठेवणारी त्यांची थोरली बहीण, अक्का, कोपऱ्यात डुलक्या घेत होती. तिला हलवून जागं केलं.

"अर्थ कसला डोंबलाचा?" अक्का म्हणाली. "आई कामाला जायची. मी एवढीशी, आणि हा माझ्या मांडीवर भोकाड पसरून. तोंडाला येईल ते बडबडायचे मी. एकदा तोंडून हे नाव निघालं आणि हा गप्प झाला. मग आई येईपर्यंत तेच म्हणत बसायचे. पुढे आईनंही तेच नाव लावलं."

आजोबा उपरण्यानं डोळे पुसत चक्क हुंदके देऊ लागले. त्या आवाजानं बाळ उठलं आणि त्यानं टाहो फोडला.

अक्कानं बाळाला मांडीवर घेतलं आणि त्याच जुन्या चालीत ते नाव घोळवून म्हटलं.

बाळ काही गप्प झालं नाही. आजोबा मात्र झाले.

सूनबाईनं एकदा सासऱ्यांकडे पाहिलं, मग रडणाऱ्या लेकाकडे.

"पुन्हा म्हणा, आत्या," ती म्हणाली. "स्वतःचं नाव ओळखीचं व्हायला त्यालाही वेळ लागेलच की."