चौकातली शेवटची मोटार

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी इंजिनिअरसाहेब बसमधून उतरले आणि जागच्या जागी थिजले. चौक झकास दिसत होता. नवी फरशी, झाडांभोवती बाकं, एका कडेला बसचा लांबलचक थांबा आणि चारी बाजूंनी गाड्यांना मज्जाव. या चौकासाठी त्यांनी नगरपालिकेत सगळ्यांची बोलणी खाल्ली होती. आता तो समोर लखलखत होता आणि त्याच्या बरोब्बर मधोमध त्यांच्या सासऱ्यांची मोटार उभी होती.

मोटार तिथे असणार हे त्यांना ठाऊक होतं. कुंड्या आणणारा टेम्पो आदल्या दिवशी ऐनवेळी आला नाही, म्हणून बायकोला मध्ये घालून त्यांनी सासऱ्यांची गाडी मागून घेतली होती. कुंड्या उतरवल्या, पण गाडी काही पुन्हा सुरू होईना. उद्या मेकॅनिक आणू, असं म्हणून ते बसने घरी गेले. डोक्यातून निघून गेले होते ते खांब. आत यायची जी एकच वाट उरली होती, तिच्यावर आता कमरेएवढे लोखंडी खांब ओळीने उभे होते.

"हे कधी झालं?" त्यांनी ठेकेदाराला विचारलं.

"रात्रीत!" ठेकेदार छाती फुगवून म्हणाला. "सकाळी खांब दिसले नाहीत तर तोंड दाखवू नका, असं तुम्हीच म्हणालात ना काल?"

"अहो, पण आत गाडी होती!"

"मला वाटलं शोभेची आहे. एवढी जुनी गाडी चालवतं कोण?"

"दोन खांब उपटा."

"आता? तासाभरात दगड होणारं सिमेंट घातलंय साहेब. फोडायचं म्हटलं तर निम्मी फरशी वर येईल."

"मग क्रेन बोलवा!"

"क्रेन आत कुठून येणार?" ठेकेदाराने एका खांबाला प्रेमाने थोपटलं. "मजबूत काम झालंय."

तेवढ्यात मेकॅनिक आला. बॉनेटमध्ये डोकं घालून त्याने काहीतरी खुडबुड केली आणि गाडी गुरगुरू लागली. "एकदम फर्स्ट क्लास," तो हात पुसत म्हणाला. "आता कुठंही न्या."

इंजिनिअरसाहेबांना रडावं की हसावं कळेना. त्यात बायकोचा फोन आला. "अहो, बाबा निघालेत कार्यक्रमाला. गाडी तुमच्याकडे, म्हणून बसने येतायत. चिडलेत जाम. गाडी नीट आहे ना?"

"गाडीला आता कुणी धक्कासुद्धा लावू शकत नाही," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

शेवटी त्यांनी मांडववाल्याकडून एक पांढरी चादर मागितली आणि मोटार झाकून टाकली. कार्यक्रम उरकला की बघू. पण मांडववाला हौशी माणूस. झाकलेली वस्तू पाहून त्याने तिला लाल फीत बांधली, वर फितीचंच भलंमोठं फूल काढलं आणि माइक उचलून तिच्या शेजारी आणून ठेवला.

सासरे घाम पुसत आले. चौकात गाड्या बंद करणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, असं ते जावयाच्या तोंडावर सांगत आले होते. "गाडी कुठे लावलीत, जावईबापू?"

"जवळच आहे, बाबा."

एवढ्यात नगराध्यक्षाबाई आल्या. फीत पाहून त्यांचा चेहरा खुलला. "अरे वा, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं!" असं म्हणत, इंजिनिअरसाहेब "थांबा" म्हणायच्या आत, त्यांनी चादर ओढली.

पिवळट रंगाची जुनी मोटार उन्हात चमकली. सगळ्यांच्या माना इंजिनिअरसाहेबांकडे वळल्या.

"ही... ही या चौकातली शेवटची मोटार," इंजिनिअरसाहेबांच्या तोंडून कसंबसं निघालं.

"किती सुंदर कल्पना!" बाई म्हणाल्या. "कुणाची आहे ही?"

"माझी!" गर्दीतून सासरे गरजले. पुढे ते काय बोलणार होते ते कुणालाच कळलं नाही, कारण बाईंनी त्यांचा हात धरून त्यांना पुढे आणलं. "स्वतःची मोटार चौकाला देणारे नागरिक! टाळ्या!"

टाळ्या थांबेनात. फोटो निघाले. कुणीतरी पुष्पगुच्छ दिला. सासऱ्यांचं उघडलेलं तोंड हळूहळू मिटलं आणि त्यावर हसू आलं.

घरी आल्यावर जावई पाया पडायच्या बेतात होते. "बाबा, या आठवड्यात फरशी फोडतो आणि गाडी घरी आणतो."

"हात तर लावून बघा!" सासरे कडाडले.

तेव्हापासून ते रोज सकाळी बसने चौकात जातात, स्टिअरिंगमागे बसून वर्तमानपत्र वाचतात आणि फोटो काढणाऱ्यांसाठी काच खाली करतात. सासूबाईही डबा घेऊन शेजारी बसतात.

पण त्यांचं कौतुक पाहून गावभर लोकांना आपल्या अंगणातले खटारे आठवले. नगरपालिकेत गाड्या देणाऱ्यांची रीघ लागली. इंजिनिअरसाहेबांनी जेवताना सहज हा विषय काढला, तर सासऱ्यांच्या हातातला घास तसाच राहिला.

"एकालाही परवानगी द्यायची नाही!" ते म्हणाले. "चौकात गाड्याच गाड्या झाल्या, तर माणसांनी चालायचं कुठून?"