कठडा बोगस आहे, याची नोंद घ्यावी

समाज म्हटला की वाईट माणसं असायचीच. प्रश्न एवढाच असतो, की त्यांना असं काय म्हणावं, म्हणजे आपली चीडही बाहेर पडेल आणि त्यांच्याशी संबंधही बिघडणार नाहीत. हा प्रश्न भल्याभल्यांना सुटलेला नाही. एका चार मजली इमारतीच्या कमिटीने मात्र तो सोडवला, आणि त्याचं सगळं श्रेय तिच्या सेक्रेटरीला जातं.

सेक्रेटरी स्वभावाने सज्जन. ऑफिसात तो हेडक्लार्क होता आणि घरी आईचा एकुलता एक मुलगा. (दोन्हीकडे त्याचं फारसं कुणी ऐकत नसे.) त्याच्या देखरेखीखाली इमारतीच्या जिन्याला नवा लोखंडी कठडा बसवण्यात आला आणि त्याच दिवसापासून तो हलू लागला. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर तर हात ठेवला की कठडा अदबीने पुढे वाकायचा. सेक्रेटरीची आई रोज सकाळी तोच कठडा धरून खाली फिरायला जायची. गुडघे दुखत असल्यामुळे धरल्याशिवाय तिला उतरता येत नसे. पहिल्याच दिवशी परत आल्यावर ती म्हणाली, "चोर आहे तो कॉन्ट्रॅक्टर."

सेक्रेटरीला लाज वाटली. कॉन्ट्रॅक्टरची नव्हे, आईच्या शब्दाची. शिवाय त्या शब्दात मोठी अडचण होती. चोर म्हटलं की काहीतरी करावं लागतं. पोलिसांत जावं लागतं, रस्त्यात भेटला तर तोंड फिरवावं लागतं, आणि याला काम दिलं कुणी, हा प्रश्नही लगेच निघतो. (कमिटीने.) 'फ्रॉड' म्हटलं की यातलं काहीच करावं लागत नाही. फ्रॉड माणसाला चहा पाजता येतो.

तेव्हा सभा भरून असं एकमताने ठरलं, की यापुढे इमारतीत वाईट माणसं आणि वाईट वस्तू यांचा उल्लेख केवळ इंग्रजीतून करण्यात यावा. वस्तू दिसायला वाईट पण चालत असेल तर 'चीप'. दिसायला चांगली पण चालत नसेल तर 'बोगस'. दोन्ही बाजूंनी गेलेली असेल तर 'थर्डक्लास', आणि ती कमिटीनेच पसंत केलेली असेल तर 'क्वालिटी इश्यू'. माणसांपैकी, गेटवर उभी राहणारी दुसऱ्यांची मुलं 'लोफर' (आपली मुलं मित्राची वाट पाहत असतात). दुरुस्तीला म्हणून पाण्याची मोटर घेऊन गेला आणि पुन्हा दिसला नाही तो 'चीटर'. आणि ज्याच्यामुळे एखाद्याचा जीव जाऊ शकतो, तो 'फ्रॉड'.

ठरावाचा परिणाम ताबडतोब दिसला. लेखी तक्रारी शंभर टक्क्यांनी घटल्या आणि इमारतीतला जिव्हाळा अंदाजे तितकाच वाढला. लोक जिन्यात थांबायचे, कठडा हलवून पाहायचे, "एकदम बोगस" म्हणायचे आणि एक काम हातावेगळं केल्यासारखे घरी जायचे. तळमजल्यावरच्या शिंप्याने तर सांगितलं, की बोगस म्हणायला लागल्यापासून त्याला झोप छान लागते. (त्याला जिना चढावा लागत नाही, ही गोष्ट वेगळी.)

दुरुस्तीचं काम पुन्हा त्याच कॉन्ट्रॅक्टरला द्यायचं ठरलं. नवा माणूस कसा निघेल कोण जाणे. हा निदान फ्रॉड आहे, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि माणूस मोकळाढाकळा. भर सभेत उभा राहून म्हणाला, "साहेब, खोटं कशाला बोलू, मागचा माल जरा डुप्लिकेट होता." त्याच्या प्रामाणिकपणाने सभासद भारावून गेले. त्याने कठड्याला हिरव्या रंगाचा एक हात मारला आणि तो गेला. कठडा आता रंगासकट हलू लागला.

आईने काही दिवस वाट पाहिली. मग मुलाच्या जुन्या पायजम्याची नाडी ओढून काढली आणि वळणावरच्या खिडकीच्या गजाला कठडा करकचून बांधून टाकला. त्याने इमारतीची शोभा जाते, असं सेक्रेटरीने तिला परोपरीने समजावलं. उतरायचं मला आहे, शोभेला नाही, एवढंच ती म्हणाली. त्यानंतर बराच काळ कठडा नाडीवर तग धरून होता. (इमारतीत इतकं टिकाऊ काम आजवर दुसरं झालेलं नाही.) मग एका सकाळी नाडी तुटली, आणि आई वळणावरून खालच्या मजल्यापर्यंत घरंगळत गेली.

पाय मोडला. प्लास्टर घालून तिला घरी आणल्यावर कमिटी भेटायला आली. कॉन्ट्रॅक्टरही फळं घेऊन आला. चहा घेत सगळ्यांनी कठड्याला थर्डक्लास म्हटलं, कॉन्ट्रॅक्टरने सर्वांत मोठ्याने. आईने फळांच्या पिशवीला हात लावला नाही. ती त्याच्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "चोर आहेस तू. कठड्यातलं लोखंड खाल्लंस."

कॉन्ट्रॅक्टरचा चेहरा उतरला. त्याला फ्रॉड म्हणणारे गावभर होते, पण या शब्दाची त्याला सवय नव्हती. कप खाली ठेवून तो पुटपुटला, "उद्या माणसं पाठवतो, आई. नवा बसवून देतो."

इथे सेक्रेटरीचा सज्जनपणा उफाळून आला. तो कॉन्ट्रॅक्टरला दारापर्यंत सोडायला गेला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "सॉरी हं. आईचं वय झालंय. मनावर घेऊ नका."

कॉन्ट्रॅक्टरने मनावर घेतलं नाही. माणसंही आली नाहीत.

आई आता खिडकीशी बसून असते. पाय जुळला, पण फिरायला जाणं तिने सोडून दिलं. दारातलं बोलणं तिला पलंगावरून ऐकू गेलं होतं. मुलाशी ती बोलते, पण कामापुरतंच. त्याला त्याचं फार वाईट वाटतं, रात्रंदिवस वाटतं. आपल्याला काय म्हणायचं ते तिने एकदाचं म्हणून टाकावं, एवढीच त्याची इच्छा आहे. (शक्यतो इंग्रजीत.)

इथवर वाचताना या सेक्रेटरीसाठी तुमच्याही ओठांवर एखादा शब्द आला असेल. येणारच, तुम्ही न्यायी माणसं. तो कोणत्या भाषेतला होता, तेवढं मात्र बघा. इंग्रजी असेल, तर आपला जिना उतरताना भिंतीच्या बाजूने उतरत जा.